माझ्या मशीनवर तर चालतंय!

मागच्या शनिवार-रविवारी जळगावला जाऊन आलो. थंडीत जळगावला जायचं खरं कारण एकच असतं, भरीत. (वडिलांना भेटणं हे निमित्त, असं खुद्द वडीलच म्हणतात.) शेतात पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात टाकलेली बामणोदची हिरवी लांबट वांगी, सोबत कळण्याची भाकरी, कांद्याची पात आणि हिरव्या मिरच्या. पुण्यात हे कुणाला सांगितलं की तो म्हणतो, "वांग्याचं भरीत आमच्याकडेही करतात." असो. त्यांना माफ करून पुढे जाऊ.

तर जेवताना नेहमीप्रमाणे मिरच्यांची पैज लागली. शाळेतला एक मित्र कच्च्या मिरच्या शेंगदाण्यासारख्या खात होता. मी तिसरीलाच हात टेकले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "काय भो, पुण्याचं पाणी लागलं तुला!" सगळे हसले, मीही हसलो. तेवढ्यात त्याच मित्राचा सात-आठ वर्षांचा मुलगा जाळाजवळ गेला आणि जळकी काडी उचलताना त्याची बोटं पोळली. पोरगं किंचाळलं. मित्र जागेवरून न हलता म्हणाला, "काही होत नाही रे. पोरींसारखा रडतो काय? तुझ्याएवढा असताना मी हाताने निखारे उचलायचो." आणि शेजारी बसलेल्या एका काकांनी भाकरी मोडता मोडता निकाल देऊन टाकला, "ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

ही म्हण मी लहानपणापासून ऐकतोय. त्या दिवशी पहिल्यांदाच तिचा राग आला. परतताना महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये रात्रभर तिच्याशी मनातल्या मनात भांडत होतो. ते भांडण आज इथे उतरवून काढतो.

या म्हणीचा एक साधा अर्थ आहे. माझं दुखणं मलाच दुखतं, तुम्हाला नाही. बरोबर आहे, त्यात वाद नाही. पण कोणीही ही म्हण एवढ्यासाठी वापरत नाही. ती दोन वेगळ्याच कामांसाठी वापरली जाते. पहिलं काम म्हणजे हात झटकणं: तुझं जळतंय ते मला कळणं शक्यच नाही, तेव्हा माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नकोस. दुसरं काम जास्त घातक आहे, ते म्हणजे अधिकार सांगणं: माझंही कधी काळी जळलंय, मला सगळं कळतं, आणि मी सांगतो की एवढं काही दुखत नाही. माझं म्हणणं असं की पहिला वापर आळशीपणाचा आहे, आणि दुसरा चक्क खोटा आहे.

आमच्या धंद्यात याला एक प्रसिद्ध वाक्य आहे. टेस्टर बिचारा येतो आणि सांगतो, अमुक बटण दाबलं की प्रोग्रॅम मरतो. प्रोग्रॅमर स्वतःच्या मशीनवर तेच बटण दाबतो, काही होत नाही, आणि ऐटीत म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" बग बंद. मी वीस वर्षांत हे वाक्य किती वेळा ऐकलं आणि किती वेळा स्वतः म्हटलं याची गणती नाही. ज्याला थोडी अक्कल आलेली असते त्याला माहीत असतं की या वाक्यातून फक्त तुमच्या मशीनबद्दल माहिती मिळते. टेस्टरच्या मशीनबद्दल काहीही कळत नाही.

"मला तर नाही बुवा एवढं दुखलं" हे त्याच जातीचं वाक्य आहे.

आधी मिरचीचंच बघू. मिरची तिखट 'लागते' असं आपण म्हणतो, पण तिखट ही चवच नाही, ती वेदना आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या वेदना पोचवणाऱ्या मज्जातंतूंवर एका विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटतं. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली शोधून काढलं, आणि त्याबद्दल ज्युलियसना २०२१ चं नोबेल (अर्धं) मिळालं. गंमत अशी की हेच प्रथिन साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही जागं होतं. म्हणजे आपली शेवभाजी आणि निखाऱ्याने पोळलेलं बोट हे दोन्ही निरोप एकाच तारेवरून मेंदूकडे जातात. आणि ही तार प्रत्येकाची सारखी नसते. जन्मतःच फरक असतो, शिवाय वारंवार मिरची खाल्ली की ती थोडी बधिर होते. माझ्या मित्राची जीभ बधिर झालेली आहे, एवढाच त्या पैजेचा अर्थ. यात मर्दानगी कुठून आली? हा माणसाचा गुण नाही, हे सेटिंग आहे. आणि त्या सेटिंगवरून तो स्वतःच्या पोराच्या बोटाचा निकाल देत होता!

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, पण ज्याला स्वतःला कमी दुखतं त्याला दुसऱ्याचं कमीच समजणार ना? म्हणजे म्हण खरीच. इथे जरा थांबू, कारण हा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर शोधायला लोकांनी बरेच कष्ट घेतलेत.

जगात काही मोजकी माणसं अशी आहेत की त्यांना जन्मापासून वेदनाच होत नाही. २००६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी उत्तर पाकिस्तानातल्या अशा काही कुटुंबांचा अभ्यास छापला. त्याची सुरुवात एका मुलापासून झाली होती. तो रस्त्यावर खेळ करायचा, हातात सुऱ्या खुपसायचा, जळत्या कोळशांवर चालायचा. संशोधकांना तो भेटलाच नाही. चौदा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा छपरावरून उडी मारून तो मेला. दोष एका जनुकात होता, वेदनेचा निरोप पुढे सरकवणारं दारच बंद होतं. (ज्यांना वाटतं वेदना हा निसर्गाचा अन्याय आहे, त्यांनी या पोराची आठवण ठेवावी.)

त्याच वर्षी पॅरिसच्या निकोला डांझिगर यांनी अशाच, वेदना न होणाऱ्या, बारा जणांना एकत्र करून विचारलं की दुसऱ्याचं दुखणं तुम्हाला किती कळतं? म्हण खरी असती तर या बाराजणांना काहीच कळायला नको होतं. निघालं काय? चेहऱ्यावरची वेदना ते जवळजवळ आपल्यासारखीच ओळखत होते. चेहरा आणि आवाज काढून टाकून नुसती इजा दाखवली की मात्र ते कमी अंदाज बांधत. आणि खरी महत्त्वाची गोष्ट ही की त्यांच्यातही सगळे सारखे नव्हते. ज्यांचा मूळ स्वभाव दुसऱ्याच्या मनात शिरण्याचा होता त्यांचे अंदाज बरेच वरचे होते, ज्यांचा नव्हता त्यांचे खाली. म्हणजे ज्याचं आयुष्यात एकदाही 'जळलं' नाही त्यालाही कळू शकतं. स्वतःच्या आठवणीतून नाही तर समोरच्याकडे बघून, ऐकून, डोकं चालवून.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मीच माझ्या सोयीचं तेवढं सांगतोय असं होईल. २०१६ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठातल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना पॅरासिटामॉल दिलं, आपल्या ५०० च्या दोन गोळ्या होतील एवढं. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांना इतरांच्या दुखण्याचे प्रसंग वाचून ते दुखणं जरा कमी वाटलं. म्हणजे स्वतःची वेदना आणि दुसऱ्याच्या वेदनेची जाण यांत काहीतरी नातं आहे. मी ते नाकारत नाही. अशा एखाद्या प्रयोगाला वेदवाक्यही मानत नाही. पण नातं असणं वेगळं आणि एकावरून दुसऱ्याचा हिशेब लागणं वेगळं. माझी उंची आणि माझं वजन यांच्यातही नातं आहे. म्हणून उंचीवरून कोणी माझी ढेरी सांगू शकणार नाही. :)

आता म्हणीच्या दुसऱ्या वापराकडे. "आम्ही नाही का सोसलं?"

माझी सासुरवाडी धुळ्याची. काही वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण तिथे झालं. चौदा तास कळा. तिने कुठेतरी वाचलं होतं की कळा कमी करायला पाठीत इंजेक्शन देतात. तिने विचारलं. आतून एक सिस्टर ओरडली, "आधी कळत नव्हतं का?" (हे वाक्य ज्या बाईने बाळंतपणात ऐकलं नसेल ती नशीबवान.) बाहेर बाकावर आमच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांची तीन बाळंतपणं घरीच झालेली, तिसऱ्या वेळी तर त्या जिवावरच्या दुखण्यातून उठलेल्या. मला वाटलं, आता या उठतील आणि सिस्टरला झापतील. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही नाही का सोसलं? आजकालच्या पोरींना जराही सोसत नाही."

सासूबाई दुष्ट नाहीत. जगातल्या चांगल्या बायकांची यादी केली तर त्यांना मी पहिल्या पानावर घालीन. सुनेसाठी त्यांनी नंतर चाळीस दिवस डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी जिवापाड केली. मग हे वाक्य कुठून आलं?

२०१५ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न तपासला. मिशिगन सरोवरात भर थंडीत उडी मारायचा एक कार्यक्रम असतो. त्यात भाग घेणाऱ्यांना त्यांनी एका माणसाची गोष्ट वाचायला दिली. त्यालाही उडी मारायची होती, पण ऐनवेळी त्याची हिंमत झाली नाही. काहींना ही गोष्ट उडीच्या आधी दिली, काहींना उडी मारून झाल्यावर. ज्यांची उडी मारून झाली होती त्यांना त्या माणसाची कणव कमी आली आणि तिरस्कार जास्त वाटला. बेकारी, शाळेतला छळ अशा गोष्टींवरही त्यांनी हेच करून पाहिलं. ज्यांनी स्वतः ते भोगून पार केलं होतं तेच, न टिकलेल्या माणसाबद्दल जास्त कठोर निघाले. आणि कळस म्हणजे, कोण जास्त समजून घेईल असं विचारलं तर बहुतेक लोक भोगलेल्या माणसाकडेच बोट दाखवत होते. म्हणजे आपण सगळे आपलं गाऱ्हाणं नेमकं चुकीच्या माणसाकडे घेऊन जातो.

कॉलेजच्या होस्टेलवर राहिलेल्यांना यासाठी प्रयोगाची गरज नाही. सगळ्यात वाईट रॅगिंग कोण घ्यायचं? ज्याचं आदल्या वर्षी सगळ्यात वाईट झालेलं असायचं तो. "आम्ही नाही का सोसलं" हे वाक्य तिथे पहाटे दोन वाजता ऐकू यायचं. भोगलेल्यांना आपोआप कळत असतं तर महाराष्ट्राला १९९९ साली रॅगिंगविरुद्ध कायदा करावा लागला नसता.

याचं एक कारण मला असं वाटतं की दुखणं संपलं की आपण ते विसरतो. 'दुखलं होतं' एवढं लक्षात राहतं, 'कसं दुखलं होतं' ते नाही. यावरही एक प्रयोग आहे, २०११ चा. कैद्याला गारठ्यात ठेवणं हा छळ आहे का, असं लोकांना विचारलं. बर्फाच्या पाण्यात हात घालून बसलेल्यांनी, 'हो, छळच आहे' असं इतरांपेक्षा जास्त ठामपणे सांगितलं. पण ज्यांनी दहाच मिनिटांपूर्वी बर्फातून हात बाहेर काढला होता त्यांचं मत, ज्यांनी हात घातलाच नव्हता त्यांच्यासारखं! दहा मिनिटं. सासूबाईंच्या बाळंतपणांना चाळीस वर्षं झाली होती.

आता इथपर्यंत मी मित्र, काका, सिस्टर, सासूबाई सगळ्यांना फैलावर घेतलंय. माझी पाळी.

२०१२ मध्ये माझी आई जळगावात कॅन्सरने गेली. शेवटी तो हाडांत पसरला होता. माझी आई फार सोशिक, असं मी अभिमानाने सांगायचो. मे महिन्यात ४५ अंशांत चुलीपुढे बसून पंचवीस माणसांचा स्वयंपाक करणारी बाई. तिने कधी 'डोकं दुखतं' म्हटलेलं मला आठवत नाही. ती बाई रात्री दोनला उठून मला म्हणाली, "बाळा, आता नाही सोसत." मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आणखी एक गोळी वाढवली. मॉर्फिनबद्दल विचारलं तर, "ते आम्ही ठेवत नाही, लायसन्सची भानगड असते." मी घरी आलो आणि आईला म्हणालो, "थोडं सहन कर, तू तर केवढं सहन केलंयस."

हे वाक्य मी बोललो. बारा-तेरा वर्षं झाली, अजून ऐकू येतं.

सोशिक ही पदवी आपण बायकांना, शेतमजुरांना, सातपुड्यातल्या आदिवासींना फार उदारपणे देतो. "ती माणसं काटक असतात हो, त्यांना काही वाटत नाही." आणि पदवी एकदा दिली की औषध द्यायचं कारण उरत नाही. १९८० च्या दशकापर्यंत मोठमोठ्या देशांत तान्ह्या बाळांची ऑपरेशनंसुद्धा अगदी नावापुरती भूल देऊन होत, कारण 'त्यांना कुठे कळतं'! हे चूक आहे हे ज्यांनी मोजून दाखवलं त्यांत एक होते कंवलजीत आनंद, आपल्या शेजारच्या इंदूरला डॉक्टर होऊन पुढे ऑक्सफर्डला गेलेले. त्यांनी १९८७ साली दाखवलं की नीट भूल दिलेली बाळं ऑपरेशनमधून जास्त चांगली सावरतात. बाळांना बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी रक्तातली संप्रेरकं मोजली. आईला तर बोलता येत होतं. ती बोलली होती.

मॉर्फिनची गोष्टही ऐकाच. अफूची कायदेशीर शेती आपल्याच देशात होते. जळगावहून एका रात्रीच्या प्रवासावर नीमच आहे, तिथे अफूचा सरकारी कारखाना आहे. आणि तरी जळगावात एका म्हातारीला मॉर्फिन मिळत नव्हतं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने एवढे परवाने मागे लावले की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. डॉ. राजगोपाल आणि केरळातली त्यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागली, तेव्हा २०१४ साली कायदा बदलला आणि अशा औषधांसाठी देशभर एकच सोपी पद्धत आली. आईनंतर दोन वर्षांनी. तो १९८५ चा कायदा करणाऱ्यांपैकी कोणाचं काही दुखलं नसेल असं थोडंच आहे? पण त्यांना भीती होती ती गर्दुल्ल्यांची. हाड दुखणारी म्हातारी त्यांनी समोर बसवून विचारलीच नव्हती.

पुढे २०१५ मध्ये मला मुतखडा झाला. ज्यांना झालाय त्यांना सांगायला नको. मी पुण्यातल्या दवाखान्याच्या फरशीवर आडवा पडून ओरडत होतो. अर्ध्या तासात इंजेक्शन मिळालं, दुखणं उतरलं, आणि मी आईच्या नावाने ढसाढसा रडलो. शपथ घेतली की आता कोणाच्याही दुखण्याला कधीही कमी लेखणार नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि माझं जळलं होतं!

दोन वर्षं टिकली ती शपथ. माझ्या टीममधली एक मुलगी दर महिन्याला एक दिवस सुट्टी घ्यायची. रिलीजच्या आठवड्यात तिने पुन्हा मागितली, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सगळ्यांनाच काही ना काही दुखत असतं. मी मुतखडा घेऊन कोड लिहिलाय." (ते खोटंही होतं. मी फरशीवर होतो.) ती काही बोलली नाही. त्यानंतर तिने सुट्टी मागणं बंद केलं आणि काही महिन्यांनी नोकरी सोडली. माझ्या दुखण्याने मला काय शिकवलं होतं? एक दाखला दिला होता. तो मी दुसऱ्यांच्या तोंडावर फेकायला वापरला.

मग उपाय काय? लोकांनी जास्त हळवं व्हावं? ते उत्तरही मला पुरेसं वाटत नाही. धुळे जिल्ह्यातच, साक्री तालुक्यात राईनपाडा आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या जमावात आपल्या लेकरांच्या काळजीने कळवळणारे आई-बाप असणारच. काळजाची कमतरता नव्हती. ते काळीज एका न घडलेल्या दुःखासाठी पेटलं होतं आणि समोर हात जोडणाऱ्या पाच माणसांचं त्याला ऐकूच येत नव्हतं. ओळख दाखवत होते, विनवत होते. कोणी थांबून विचारलं नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच खानदेशात आहे, आणि त्याची आपण 'रडका' म्हणून टिंगल करतो. साने गुरुजी. १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक, होस्टेलच्या मुलांचं आजारपण काढणारे, त्यांचे कपडे धुणारे. हळवे होतेच, त्यात शंका नाही. पण नुसत्या हळवेपणाने काय झालं असतं? फार तर रुमाल भिजले असते. मला त्यांची दुसरी एक गोष्ट जास्त मोठी वाटते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि हे बसून ते सगळं लिहून घेत. 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहेत ती त्यामुळे. दुसऱ्याचं म्हणणं आपलं काही न घुसडता ऐकून घेणं, हे काम ज्याने कधी केलंय त्याला ते किती अवघड असतं ते माहीत असेल. (आमच्याकडे दहा मिनिटांच्या मीटिंगची टिपणं धड निघत नाहीत.)

आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून हा माणूस दहा दिवस उपाशी राहिला. गुरुजी जन्माने ब्राह्मण. देवळाच्या दारातून हाकललं जाण्याचं दुःख त्यांच्या वाट्याला कधीच आलं नव्हतं, येणारही नव्हतं. त्यांचं त्या अर्थाने काही जळलं नव्हतं. तरी कळलं. म्हणीचं काय करायचं आता? ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं. त्यामागे काय होतं त्याचा निवाडा करणारा मी कोण? पण त्यावरून 'बघा, हळव्यांचं असंच होतं' म्हणणाऱ्यांनी ते दहा दिवस आधी मोजावेत.

एक आक्षेप मला माहीत आहे, कारण मॅनेजर म्हणून तो मी स्वतःच घेत आलोय. सगळ्यांचं सगळं खरं मानलं तर लोक डोक्यावर बसतील. पोटदुखीच्या नावाने सुट्ट्या उकळतील. आणि अमेरिकेचं बघा, दुखतं म्हटलं की अफूच्या गोळ्या वाटल्या आणि लाखो लोक व्यसनी झाले. हे खरं आहे. पण तिथे चूक विश्वास ठेवण्यात नव्हती. चूक होती ती विचारपूस टाळून गोळी हातावर ठेवण्यात, आणि त्यावर कंपन्यांनी पैसा करण्यात. 'काही होत नाही' म्हणून घालवून देणं आणि 'ही घे गोळी' म्हणून घालवून देणं, दोन्हींत ऐकून घेण्याचा वेळ वाचवलेला असतो. वेदना अभ्यासणाऱ्यांच्या जागतिक संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यासोबतच्या टिपांत त्यांनी स्पष्ट लिहिलंय की माणूस दुखतंय म्हणाला तर त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. मान राखा म्हटलंय, लगेच गोळी द्या असं नाही.

चांगला प्रोग्रॅमर काय करतो? "माझ्या मशीनवर चालतंय" हे त्यालाही दिसतं. पण तिथे त्याचं काम संपत नाही, सुरू होतं. तो उठून टेस्टरच्या टेबलापाशी जातो आणि म्हणतो, दाखव बरं, तुझ्याकडे काय होतंय. दहातल्या दोन वेळा टेस्टरचीच चूक निघते. निघू दे. उरलेल्या आठ वेळा प्रोग्रॅम वाचतो. दोन जणांनी फुकट सुट्टी घेतली तर माझ्या कंपनीचं जेवढं नुकसान होईल, त्याच्यापुढे रात्री दोन वाजता "नाही सोसत" म्हणणाऱ्या एका बाईला परत पाठवण्याचं नुकसान कुठल्या एक्सेल शीटमध्ये भरायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

त्या शेतातली गोष्ट अर्धी राहिली. आम्ही बाप्ये म्हणीवर माना डोलावत होतो तोवर भाकऱ्या भाजत बसलेल्या एक मावशी उठल्या. पोराचा हात धरला, बोअरच्या पाइपाखाली नेला आणि चांगली पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्यात धरून ठेवला. इकडे त्यांच्या भाकऱ्या करपत होत्या. "कुठं रे, या बोटाला की या? अजून आग होते? बरं, अजून धरू." एवढंच विचारत होत्या. मावशींना स्वतःला कधी पोळलं होतं का, किती, कसं, ते मी विचारलं नाही. आयुष्य चुलीपुढे गेलंय, पोळलं असेलच. पण माझ्या सासूबाईंचंही आयुष्य चुलीपुढेच गेलंय. फरक कशात आहे ते मला नक्की सांगता येणार नाही. मावशी विचारत होत्या, एवढंच मला दिसलं.

मित्राला फोन करून हे सगळं सुनावलं. तो म्हणाला, "भो, तू तीन मिरच्यांत रडला, म्हणून एवढा निबंध?" असेलही. पोराचं बोट कसं आहे विचारलं, तर म्हणाला, "थांब, त्यालाच विचारतो."

चला, सुरुवात तरी झाली.